अँटेना की रडार रिमोट सेन्सिंग? संशोधनासाठी सल्ला हवाय

अर्धतरंग

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचतेय, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

इलेक्ट्रॉनिक्समध्ये मास्टर्स संपत आलंय. प्रोजेक्ट होतं २.४५ गिगाहर्ट्झचा मायक्रोस्ट्रिप पॅच अँटेना (बोर्डवरचा तांब्याचा सपाट तुकडा), साध्या एफआर-४ सर्किट बोर्डवर (काच आणि रेझिनचा), जाडी १.६ मिमी. सिम्युलेशनमध्ये डिप (जिथे सगळ्यात कमी पॉवर परत येते तो आलेखातला खड्डा) बरोब्बर २.४५ ला येत होता, उणे २८ डीबी, मी खूश. बोर्ड बनून आला, व्हीएनएला (कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती पॉवर परत येते ते मोजणारं उपकरण) लावला तर डिप २.३८ ला. ७० मेगाहर्ट्झ कुठे गेले याचं उत्तर मला कुणी नीट दिलं नाही, "एफआर-४ आहे, असंच होतं" एवढंच ऐकलं, रिपोर्टमध्येही तेच वाक्य लिहिलं आणि मार्कसुद्धा मिळाले. पण ते वाक्य लिहिताना मला बरं वाटलं नव्हतं, अजूनही वाटत नाहीये.

आता पीएचडीचा विचार चाललाय आणि दोन वाटा दिसतायत. एक म्हणजे अँटेना, अ‍ॅरे वगैरे. दुसरी रडार रिमोट सेन्सिंग, म्हणजे सारच्या (सिंथेटिक अपर्चर रडारच्या) उपग्रह इमेजवरून जमिनीतला ओलावा, पूर, जमीन खचणं असलं काही. दोन्ही आवडतं, दोन्हीतलं अर्धवट येतं. तर विचारायचंय की निवड कशी करावी, आधी काय शिकावं, फुकटातलं सॉफ्टवेअर आणि डेटा कुठला चांगला (कॉलेज सुटलं की लायसन्सही जाणार), आणि गाईडला पहिल्या भेटीत काय विचारावं. माझ्याकडे स्वतःचा असा एक छोटा हातातला व्हीएनए आहे आणि बरा लॅपटॉप आहे, बाकी काही नाही. मला अरे-तुरे केलं तरी चालेल.

पन्नासओहम

स्वागत. अँटेना मोजण्यातच माझी बरीच वर्षं गेलीत, त्यामुळे तुझ्या ७० मेगाहर्ट्झपासूनच सुरुवात करतो, निवडीचं नंतर बघू.

२.४५ ला असा पॅच साधारण २९ मिमी लांब असतो. लांबीत १ मिमी इकडेतिकडे झालं की फ्रिक्वेन्सी ८० च्या आसपास मेगाहर्ट्झ सरकते, हे तू कागदावर दोन ओळींत काढू शकतेस. म्हणजे एचिंगमध्ये पॅच थोडा मोठा राहिला असेल तर त्याचा वाटा किती ते व्हर्नियरने मोजून लगेच कळेल. मोजलंस का? नसेल तर आधी ते कर. दुसरा संशयित म्हणजे डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट, म्हणजे बोर्डाचं मटेरियल लाटेला किती मंदावतं त्याचा आकडा. एफआर-४ चा आकडा कुठे ४.२ तर कुठे ४.६ दिसतो, कारण काच आणि रेझिनचं प्रमाण प्रत्येक बॅचला वेगळं. तू सिम्युलेशनमध्ये ४.३ टाकला असशील आणि बोर्ड खरंतर ४.५५ चा असेल तर जवळजवळ सगळे ७० तिथेच सापडतात. अंदाज नको असेल तर त्याच शीटच्या उरलेल्या तुकड्यावर एक रिंग रेझोनेटर (तांब्याची गोल कडी) बनव, त्याच्या रिझोनन्सवरून आकडा काढ आणि तो सिम्युलेशनमध्ये परत घाल.

आता तिसरा संशयित, आणि हा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. व्हीएनए चालू ठेव, अँटेना जोडलेला असू दे, आणि केबलला हाताने धर. नुसती धर, वाकवू नकोस. ट्रेस हलला? हलला तर तू अँटेना मोजत नव्हतीस, अँटेना अधिक केबल मोजत होतीस, केबलच्या बाहेरच्या जाळीवरून करंट वाहतोय आणि केबलही रेडिएट करतेय. ग्राउंड प्लेन लहान असला की हे हमखास होतं. कनेक्टरपाशी दोन-तीन फेराइटचे मणी ओव, परत बघ. आणि कॅलिब्रेशन (शॉर्ट, ओपन, लोड) केबलच्या टोकाला करायचं, उपकरणाच्या तोंडाशी नाही, हे अगदी शिकलेसवरलेले लोक घाईत विसरतात.

अजून एक. उणे २८ डीबी बघून खूश होऊ नकोस. ५० ओहमचा डमी लोड लावलास तर तो उणे ४० देईल आणि हवेत काहीही पाठवणार नाही, सगळी पॉवर उष्णता होऊन जाईल. एस-वन-वन (व्हीएनएवर दिसतो तो हा उणे डीबीचा आकडा) फक्त एवढंच सांगतं की पॉवर परत आली नाही, ती गेली कुठे ते सांगत नाही. एफआर-४ चा लॉस टँजंट ०.०२ च्या आसपास, त्यात बरीच पॉवर बोर्डातच मुरते. म्हणून पुढचा अभ्यास एफिशियन्सी मोजण्याचा. व्हीलरने १९५९ मध्ये सुचवलेली युक्ती अजून वापरतात, अँटेनावर धातूचा डबा झाकायचा आणि झाकून व न झाकता रेझिस्टन्स मोजायचा, रेडिएशनचा भाग आणि लॉसचा भाग वेगळे होतात. घरच्या टेबलावर करता येण्यासारखं आहे.

जाळीवाला

पन्नासओहम यांच्याशी सहमत, फक्त एक भर घालतो, मी कॉम्प्युटेशनलवाला आहे. सिम्युलेशनच्या आकड्याची चूक किती हे विचारल्याशिवाय मोजमापाला दोष देऊ नये. तुझ्या मॉडेलची मेश (सिम्युलेशन जागेचे जे छोटे सेल पाडतं ती जाळी) निम्मी बारीक केल्यावर डिप किती सरकला होता? बघितलं नसशील तर २.४५ हा आकडाही अजून पक्का नाही. १.६ मिमीच्या बोर्डात जाडीच्या दिशेने किमान चार-पाच सेल हवेत, तरंगलांबीचा विसावा भाग हा नियम तिथे पुरत नाही, कारण बोर्डात तरंगलांबी ५८ मिमी येते, विसावा भाग झाला जवळजवळ ३ मिमी, म्हणजे अख्खा बोर्ड एका सेलमध्ये गेला!

फुकटातलं विचारलंयस तर माझी शिफारस अशी. पॅच वगैरेसाठी ओपनईएमएस, एफडीटीडीवर (मॅक्सवेलची समीकरणं जाळीवर थोड्याथोड्या वेळाने पुढे नेत सोडवण्याची पद्धत) चालतं, माऊसने क्लिक करायचं फारसं काही नाही, स्क्रिप्ट लिहावी लागते, आणि त्यामुळेच शिकायला चांगलं, प्रत्येक सीमा तुलाच सांगावी लागते. तारांच्या अँटेनासाठी एनईसी-२, जुनं आहे पण डायपोल, यागीसाठी आजही विश्वासाचं. जमिनीत रडार घालायचं असेल (ग्राउंड पेनिट्रेटिंग) तर जीपीआरमॅक्स.

पण त्याच्याही आधी, आणि हे मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो, एकदा स्वतः एक-मितीय एफडीटीडी लिही. यीने १९६६ मध्ये मांडलेली पद्धत, पायथॉनमध्ये पन्नास ओळींच्या आत होते. एक पल्स सोड, मध्ये डायइलेक्ट्रिकची भिंत उभी कर, परत आलेला भाग सूत्राशी जुळतोय का बघ. मग मुद्दाम टाइम स्टेप स्थिरतेच्या मर्यादेच्या एक टक्का वर ने आणि काहीशे स्टेप्सच्या आत सगळं कसं फुटतं ते डोळ्यांनी बघ. त्यानंतर तू कुठल्याही सॉफ्टवेअरच्या रंगीत चित्रावर आंधळा विश्वास ठेवणार नाहीस. दुसरा व्यायाम, मोमेंट मेथडने (तारेचे तुकडे करून प्रत्येकातला करंट काढायची पद्धत) अर्ध्या तरंगलांबीचा डायपोल. बारीक तारेला ७३ ओहम आणि वर ४२ च्या आसपास इंडक्टिव्ह भाग आला पाहिजे, आणि तार थोडी कापली की तो इंडक्टिव्ह भाग का जातो ते करंटच्या चित्रावरून कळलं पाहिजे. तुझं नाव अर्धतरंग आहे तर हे तुला आलंच पाहिजे :)

नवा_भिडू

मधेच घुसतोय, माफी. मॅक्सवेलची समीकरणं पाठ आहेत, परीक्षेत लिहिलीत, पण डायव्हर्जन्स, कर्ल म्हणजे नक्की काय होतंय ते डोळ्यापुढे येत नाही. तरी या विषयात येऊ का?

जाळीवाला

@नवा_भिडू ये की. वर सांगितलेला पन्नास ओळींचा प्रोग्राम लिही, त्यात कर्ल म्हणजे शेजारच्या दोन सेलमधली वजाबाकी असते, दुसरं काही नाही. इलेक्ट्रिक फील्डच्या वजाबाकीने मॅग्नेटिक बदलतं, मॅग्नेटिकच्या वजाबाकीने इलेक्ट्रिक. पल्स सरकताना बघितलीस की डोळ्यापुढे येईल.

धूसरपिक्सेल

मी दुसऱ्या वाटेवरची, सार इमेजवर काम करते. अर्धतरंग, तू लिहिलंस "इमेजवरून ओलावा, पूर", तिथे एक सावधगिरी सांगते. ती इमेज फोटो नाहीये. लोक ती फोटोसारखी घेतात, क्लासिफायरमध्ये ढकलतात, ९० च्या वर अ‍ॅक्युरसी आली की पेपर लिहितात, आणि पुढच्या मोसमात तेच मॉडेल भलतंच काही सांगतं. प्रत्येक पिक्सेल म्हणजे तुझ्या व्हीएनएसारखंच एक मोजमाप आहे, मॅग्निट्यूड आणि फेज. ढगाआडून दिसतं, रात्री दिसतं हे सगळं खरं, पण जे दिसतं ते खडबडीतपणा, ओलावा आणि भूमिती यांचं मिश्रण असतं.

सुरुवात सेंटिनेल-१ ने कर. पहिला उपग्रह एप्रिल २०१४ मध्ये गेला, ५.४०५ गिगाहर्ट्झ, तरंगलांबी साडेपाच सेमी, डेटा सगळ्यांना फुकट. कोपर्निकस डेटा स्पेसवर किंवा अलास्का सॅटेलाइट फॅसिलिटीवर खातं उघड. प्रोसेसिंगला स्नॅप, तेही फुकट. ऑर्बिट फाइल, थर्मल नॉइज काढणं, कॅलिब्रेशन, टेरेन करेक्शन, या क्रमाने. बटणं दाबण्यापूर्वी प्रत्येक पायरी नसती तर काय बिघडलं असतं ते एकेक पायरी गाळून बघ, मी तसंच शिकले, दोन आठवडे गेले पण नंतर कधी अडले नाही.

मग एक व्यायाम. तुला नीट माहीत असलेली एक जागा घे, ज्यात पाणी आहे, शेत आहे, थोड्या इमारती आहेत. एका वर्षाच्या सगळ्या इमेज उतरव, १२ दिवसांनी एक धरली तरी तीस होतात. आधी फक्त एका पिक्सेलचा आलेख काढ. वेड्यासारखा वरखाली होईल, कारण स्पेकल. एका पिक्सेलमध्ये असंख्य लहान परावर्तक, त्यांच्या फेज कशाही मिळतात, कधी जोडतात कधी खोडतात, त्यामुळे सिंगल लूकमध्ये (सरासरी न घेतलेल्या इमेजमध्ये) इंटेन्सिटीचं स्टँडर्ड डेव्हिएशन सरासरीइतकंच असतं! मग पाच बाय पाचची सरासरी घेऊन तोच आलेख काढ. आता पीक कापलेला आठवडा दिसायला लागेल, पाऊस झालेला दिवस दिसेल. शांत पाणी काळं दिसतं, कारण आरशासारखं सगळं पुढे फेकतं, परत काही येत नाही. वारा सुटला की तेच पाणी उजळतं आणि पुराचा नकाशा चुकतो. पुरात उभी झाडं असतील तर उलटच होतं, पाण्यावरून खोडावर आणि खोडावरून परत, दुहेरी उसळी, जंगल नेहमीपेक्षा उजळ दिसतं. पाणी म्हणजे काळं असा नियम लावणारा प्रोग्राम तिथे तोंडघशी पडतो.

इन्सारचं (सारच्या फेजवरून जमिनीची हालचाल मोजण्याचं) वेड मला जास्त आहे त्यामुळे त्यावर कमीच लिहिते, नाहीतर थांबणार नाही. उपग्रहाच्या दोन पासमधला (फेऱ्यांमधला) फेजचा फरक घ्यायचा, एक पूर्ण फ्रिंज (इमेजमधला एक पट्टा) म्हणजे उपग्रहाच्या दिशेने अर्धी तरंगलांबी हालचाल, सेंटिनेलला २.८ सेमी. १९९२ च्या लँडर्स भूकंपाचा इंटरफेरोग्राम १९९३ मध्ये छापून आला तेव्हापासून हे क्षेत्र खऱ्या अर्थाने उघडलं. पण हवेतली वाफसुद्धा फ्रिंज उमटवते, आणि जमीन हलली की हवा बदलली हे ओळखण्यातच आयुष्य जातं. आवडलं तर आयस (ISCE) आणि मिंटपाय ही सॉफ्टवेअर बघ, दोन्ही फुकट.

ओलीमाती

धूसरपिक्सेल यांना +१, विशेषतः फोटो नाहीये या वाक्याला.

मी जमिनीतल्या ओलाव्यावर काम करते त्यामुळे त्या बाजूचं सांगते. मुळात हे का जमतं, तर कोरड्या मातीचा डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट ३-४, पाण्याचा ८० च्या आसपास, म्हणजे थोडं पाणी मिसळलं की मातीचा आकडा झपाट्याने वाढतो आणि बॅकस्कॅटरही (रडारकडे परत येणारा भाग) वाढतो. पण तो फरक काही डीबीचाच असतो आणि तेवढाच फरक नांगरटीनेही पडतो. इथे तुझं इलेक्ट्रोमॅग्नेटिक्स कामाला येईल. पृष्ठभाग गुळगुळीत की खडबडीत हे ठरवायचा रेलेचा निकष आहे, उंचसखलपणा तरंगलांबी भागिले ८ कॉस थीटापेक्षा कमी तर गुळगुळीत (थीटा म्हणजे लाट उभ्या रेषेशी करते तो कोन). ३५ अंशाला सी-बँडसाठी (सेंटिनेल-१ चा बँड, साडेपाच सेमी) ती मर्यादा येते साधारण ०.८५ सेमी, एल-बँडला (२४ सेमी तरंगलांबी) साडेतीन सेमीच्या वर. म्हणजे २ सेमी उंचसखल असलेलं तेच शेत सी-बँडला खडबडीत आणि एल-बँडला गुळगुळीत! रडार बदललं की शेत बदलतं. हे मला पहिल्यांदा उमगलं तेव्हा मी उठून येरझाऱ्या घालायला लागले होते.

एकच कळकळीची विनंती, मॉडेलमध्ये जाण्याआधी माती स्वतः गोळा कर. उपग्रह जाण्याच्या वेळेच्या आसपास वरच्या ५ सेमीचा नमुना, माहीत असलेल्या आकारमानाच्या कड्याने, लगेच झाकणाच्या डबीत, ओली असताना वजन, मग १०५ अंशाला २४ तास ओव्हनमध्ये, परत वजन. एका शेतात पाच ठिकाणी घेतलेस तर पाच वेगळे आकडे येतील आणि तो फरक बघितल्यावर उपग्रहाकडून किती अचूकतेची अपेक्षा करायची ते आपोआप कळतं. आम्हाला एकदा दुसऱ्या एका गटाकडून मोठा डेटा मिळाला होता, शेकडो नमुने, पण वेळच लिहिलेली नव्हती, फक्त तारीख. दुपारी पाऊस झालेला, नमुने आधीचे की नंतरचे कळायला मार्ग नाही. अख्खा मोसम बाजूला ठेवावा लागला. मी तेव्हापासून डबीवरच तास-मिनिट लिहिते.

अर्धतरंग

बापरे, एवढं सविस्तर कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे मनापासून आभार, धागा दोनदा वाचला आणि वहीत उतरवून घेतला.

केबल धरून बघितली. हलला! १५-२० मेगाहर्ट्झ सहज. फेराइट मिळवतेय. पॅच व्हर्नियरने मोजला तर २९.२ आला, मी २९.० दिला होता. म्हणजे पन्नासओहमदादा, तुमच्या हिशोबाने १६ तिथेच सापडले. उरलेल्यासाठी रिंग बनवायला देतेय. मेश निम्मी करून बघितली नव्हती, तीही आता लावून ठेवलीय.

पण माझा मूळ प्रश्न अजून तसाच आहे. किंबहुना जास्तच अवघड झाला, कारण आता दोन्हीकडे ओढ वाढली. या दोघांच्या मध्ये उभं राहता येईल असं काही काम असतं का, की एक सोडावंच लागतं?

कोनपरावर्तक

उशिरा आलो, पण हा प्रश्न माझाच होता म्हणून लांबलचक लिहितोय.

मधे उभं राहायला जागा नुसती आहे असं नाही, माझ्या मते तीच जागा रिकामी आहे. अँटेनावाल्यांना बीम कळतो पण त्या बीमने जमिनीवर काय होतं ते बघायची सवय नसते, इमेजवाल्यांना पिक्सेल कळतो पण तो कुठल्या अँटेनातून आला याचा विचार क्वचित होतो. खरं तर पिक्सेलचा आकार अँटेनाच ठरवतो. सारमध्ये उड्डाणाच्या दिशेचं रिझोल्यूशन अँटेनाच्या लांबीच्या निम्मं येतं, अंतराशी संबंधच नाही, पहिल्यांदा ऐकताना पटत नाही. लहान अँटेनाचा बीम रुंद, म्हणून तो एका ठिपक्याकडे जास्त वेळ बघतो, म्हणून कृत्रिम अँटेना जास्त लांब होतो. सेंटिनेल-१ चा अँटेना १२.३ मीटर, निम्मे सहा. मग रोजच्या मोडमध्ये त्या दिशेला २० मीटर का मिळतात? कारण २५० किमीचा पट्टा हवा म्हणून बीम इलेक्ट्रॉनिक पद्धतीने मागून पुढे झुलवत नेतात, प्रत्येक ठिपक्याला वाट्याला येणारा वेळ कमी होतो. पट्टा ८० किमीवर आणला की रिझोल्यूशन ५ मीटरवर परत येतं. हे कळलेला माणूस इमेज वेगळ्या नजरेने बघतो.

अवांतर वाटेल पण सांगतोच, हा १२.३ मीटरचा अँटेना ५.४ गिगाहर्ट्झला फार-फील्डमध्ये (पुरेसं दूर जाऊन) मोजायचा तर २डी वर्ग भागिले लॅम्डाने (डी म्हणजे अँटेनाची लांबी, लॅम्डा म्हणजे तरंगलांबी) अंतर येतं जवळजवळ साडेपाच किमी! म्हणून असले अँटेना जवळून, निअर-फील्डमध्ये प्रोबने स्कॅन करतात आणि गणिताने दूरचा पॅटर्न काढतात. तो पूर्ण संशोधनविषय आहे. आणि आता मोठ्या जाळीच्या रिफ्लेक्टरचे दिवस आलेत. नायसार ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून गेला, १२ मीटरचा उघडणारा रिफ्लेक्टर, त्यावर नासाचं एल-बँड आणि इस्रोचं एस-बँड दोन्ही, पट्टा २४० किमी. त्याच वर्षी एप्रिलमध्ये युरोपचा बायोमास, ४३५ मेगाहर्ट्झ, तरंगलांबी ७० सेमीच्या जवळ, घनदाट जंगलाच्या आत खोडापर्यंत जाणारा. ओलीमाती यांच्या शेताकडे आता एकाच वेळी एल आणि एस दोघांनी बघता येईल, विचार कर त्यात प्रश्न किती आहेत.

आता करून बघण्यासारखं. कोन-परावर्तक बनव, आलेली लाट आली त्याच दिशेला परत फेकणारा. अ‍ॅल्युमिनियमच्या तीन काटकोन त्रिकोणी पत्र्यांचा, आतली बाजू १ मीटर, तिन्ही एकमेकांना अचूक ९० अंशात. तो रडारला किती मोठा दिसतो त्याचं सूत्र ४ पाय ए चा चौथा घात भागिले ३ लॅम्डा वर्ग, ए म्हणजे ती आतली बाजू. सेंटिनेलच्या तरंगलांबीला १३६० चौरस मीटर येतं, ३१ डीबीच्या थोडं वर. म्हणजे तुझ्या हातातला एक मीटरचा पत्रा रडारला हजार चौरस मीटरच्या वर दिसतो. आजूबाजूचं मोकळं शेत उणे १० डीबीचं धर, ५ बाय २० चा सेल म्हणजे १०० चौरस मीटर, त्यातून परत येणार १०. १३६० विरुद्ध १०, २१ डीबीने वर. इमेजमध्ये लपणारच नाही.

माझा पहिला मात्र लपला. मी आणि एक मित्र, भर उन्हात सगळं लावलं, तिरपं केलं, स्क्रू आवळले, पुढच्या पासची इमेज आली आणि त्या जागी काहीच नाही, साधं शेत. दोन दिवस प्रोसेसिंग तपासत बसलो. मग लक्षात आलं की उत्तरेकडे जाणारा पास पूर्वेकडे बघतो असं वाचून आम्ही तोंड पूर्वेला केलं होतं. अरे, रडार पूर्वेकडे बघतं म्हणजे ते आपल्या पश्चिमेला आहे! तोंड पश्चिमेला हवं होतं. पत्र्यांच्या पाठीवर रडार आदळत होतं. १२ दिवस थांबलो. पुढच्या इमेजमध्ये तो ठिपका असा काही लखलखला, भोवती अधिकच्या चिन्हासारखे पुसट हात, मी ती इमेज अजून ठेवलीय. आणि व्हीएच चॅनेल (उभ्या पोलरायझेशनने पाठवून आडव्यात घेतलेला) उघडला तर तिथे जवळजवळ काहीच नाही, कारण तीन वेळा आपटून येणारी लाट पोलरायझेशन बदलत नाही. कागदावरचं हे वाक्य स्वतःच्या पत्र्यावर खरं होताना बघणं म्हणजे काय ते सांगता येत नाही.

तर निवड. माझ्या अनुभवाने विषय निवडू नकोस, असं काम निवड ज्यात मोजलेला आकडा आणि काढलेला आकडा शेजारी ठेवता येतील आणि मधल्या प्रत्येक डीबीचा हिशोब तुला द्यावा लागेल. ७० मेगाहर्ट्झची बोच असलेल्या मुलीला तेच लागतं. कॅलिब्रेशन, टॉवरवरचं स्कॅटरोमीटर (बॅकस्कॅटर मोजणारं रडार), ड्रोनवरचं छोटं रडार, पोलरायझेशन शुद्ध ठेवणारे अँटेना, ही सगळी मधली कामं आहेत.

पन्नासओहम

वा, शेवटच्या परिच्छेदाला +१.

गाईडबद्दल राहिलं होतं. पहिल्या भेटीत विषयाचं नाव विचारत बसू नकोस. विचार की मोजमापाची सोय आठवड्यातून किती वेळ विद्यार्थ्यांच्या हातात असते, आणि चेंबर किंवा व्हीएनए कोण चालवतं, विद्यार्थी स्वतः की ऑपरेटर. आधीच्या विद्यार्थ्याचा कच्चा डेटा बघायला मिळेल का विचार, जिथे तो फोल्डर पाच मिनिटांत सापडतो ती लॅब चांगली. आणि सिम्युलेशन आणि मोजमाप जुळलं नाही असं शेवटचं कधी झालं आणि मग काय केलं, हा प्रश्न जरूर विचार. उत्तर देताना ज्यांचा चेहरा खुलतो त्यांच्याकडे जा. मला असे गाईड मिळाले होते, एका कनेक्टरच्या मागे तीन महिने लागले तरी त्यांनी घाई केली नाही.

ओलीमाती

आणि जे आधीचे विद्यार्थी आहेत त्यांच्याशी गाईड समोर नसताना बोल. किती जण वेळेत संपवतात, पेपरवर पहिलं नाव कुणाचं लागतं, फील्डवर जायचा खर्च कोण करतं. हे विचारायला लाजू नकोस, पाच वर्षांचा प्रश्न आहे.

धूसरपिक्सेल

एक राहिलंच, उपकरणं मधेच जातात हेही धरून चाल. सीसॅट हा जुना सार उपग्रह १९७८ मध्ये शंभरएक दिवसच चालला, स्मॅप या नासाच्या ओलावा मोजणाऱ्या उपग्रहाचं रडार २०१५ मध्ये काही महिन्यांतच बंद पडलं आणि त्यांनी रेडिओमीटरवर ओलाव्याचं काम चालू ठेवलं, सेंटिनेल-१बी डिसेंबर २०२१ पासून डेटा देईनासा झाला. पूर्ण पीएचडी एकाच उपग्रहावर टांगू नकोस, जुन्या साठ्यातला डेटा आणि स्वतःचं जमिनीवरचं मोजमाप असं दोन्ही हाताशी ठेव.

अर्धतरंग

अपडेट द्यायला आले. फेराइट लावले, आता केबल धरली तरी ट्रेस जागचा हलत नाही. रिंग रेझोनेटरवरून ४.४६ आला, मी ४.३ टाकला होता. मेश निम्मी केल्यावर सिम्युलेशनमधला डिपच ८ मेगाहर्ट्झ खाली आला. सगळं परत घालून चालवलं तर २.३८३, आणि फेराइटसकट मोजलेला २.३८६. उरलेल्या ३ मेगाहर्ट्झचा हिशोब माझ्याकडे नाही, पण तो कुठे शोधायचा ते आता माहितीये.

एका ठिकाणी बोलणं चालू आहे, काम आहे टॉवरवर बसवलेल्या सी आणि एल-बँड स्कॅटरोमीटरचं, अँटेनाही तिथेच बनवतात. पन्नासओहमदादांचा तो प्रश्न विचारला. त्या बाई उठल्या, कपाटातून एक हॉर्न अँटेना काढला आणि त्याच्या आतल्या बाजूला राहिलेला सोल्डरचा बारीकसा थेंब बोटाने दाखवत अर्धा तास बोलत राहिल्या. मी बहुतेक तिथेच जाणार.

तोवर परावर्तक बनवतेय. पत्रे कापून आणलेत, काटकोनासाठी साच्यात बसवून रिव्हेट मारतेय. माझ्या जागेला इन्सिडन्स अँगल ३९ आहे, म्हणजे उपग्रह क्षितिजापासून ५१ वर. तळ सपाट ठेवला तर परावर्तकाची मधली दिशा ३५.३ वर असते, म्हणून पुढची बाजू १६ अंश उचलायची, बरोबर ना? आणि पास उत्तरेकडे जाणारा आहे, तोंड पश्चिमेला. दोनदा तपासलंय.

कोनपरावर्तक

बरोबर, १६. एक-दोन अंश इकडेतिकडे झालं तरी चालतं, त्याचा बीम रुंद असतो, मात्र पत्र्यांमधले काटकोन चुकवू नकोस. आणि पुढची बाजू उचलली की पावसाचं पाणी थेट आतल्या टोकात साचतं, तिथे बोटाएवढं भोक पाड, साडेपाच सेमीच्या तरंगलांबीला ते जाणवणार नाही. इमेज आली की इथेच टाक, व्हीव्ही आणि व्हीएच दोन्ही.